खांबेट्यांची डावखुरी काठी

तुम्ही मला छत्री समजून उचलले असेल तर लाजू नका. पुष्कळांचे तसे होते. दाराआडच्या या डब्यात तीन छत्र्या आहेत, एक वेताची छडी आहे आणि मी आहे. मी गोल्फची जुनी काठी आहे. डोके लोखंडाचे, दांडी लाकडाची, मुठीला चामड्याची पट्टी. पाठीवर पाचाचा आकडा कोरलेला आहे. तेवढेच माझे नाव.

मित्रांनो, आत्मवृत्त जन्मापासून सांगायचे असते हे मला ठाऊक आहे. पण माझा जन्म मला नीट आठवत नाही. समुद्राचा आवाज, भट्टीची धग, एक म्हातारा माझे तोंड कानशीने घासतो आहे आणि काहीतरी सांगतो आहे. त्याची भाषा मला तेव्हा येत नव्हती. म्हणून जन्म इथेच सोडून देते.

एक मात्र सांगायलाच हवे. गोल्फच्या काठीने दोन्ही बाजूंनी मारता येत नाही. तिच्या डोक्याची एकच बाजू सपाट असते, तिच्यावर बारीक रेघा असतात. ते काठीचे तोंड. तेच चेंडूला लागावे लागते. बहुतेक काठ्यांचे तोंड उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या सोयीचे असते. माझे उलट्या बाजूला आहे. मी डावखुऱ्यासाठी केलेली काठी आहे.

जयपूरच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या साहेबाबरोबर मी इकडे आले. तो १९५४ च्या मार्चमध्ये कायमचा मायदेशी निघाला तेव्हा त्याने आम्हा सात काठ्यांची कॅनव्हासची पिशवी आपल्या हाताखालच्या प्रोफेसर उमाकांत खांबेट्यांना देऊन टाकली. "चालणे होईल, तब्येत सुधारेल," म्हणाला. स्वतः डावखुरा आहे हे सांगायला तो विसरला. विसरला असे तरी कसे म्हणू? त्यात काही सांगण्यासारखे आहे असे त्याला कधी वाटलेच नसावे.

आरसा

खांबेटे पदार्थविज्ञान शिकवायचे. मूळचे सांगलीचे. सी-स्कीम या जयपूरच्या नव्या वस्तीत तेव्हा मोजके बंगले होते. त्यातल्या एकाचा मागचा भाग त्यांनी भाड्याने घेतला होता. घरात ते, त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई आणि आठ वर्षांची विनया. घरामागे नुसती वाळू, रुईची झुडपे आणि दोन खेजडीची, म्हणजे शमीची, झाडे. संध्याकाळी मोर यायचे.

प्रोफेसरांनी आयुष्यात गोल्फ पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी ते सरळ उजव्या माणसासारखे उभे राहिले आणि चेंडूला माझी पाठ लागली. चेंडू जेमतेम हातभर सरकला. ते उकिडवे बसले, मला उलटेसुलटे करून पाहिले.

"रेघा ज्या बाजूला, ती बाजू चेंडूला लागली पाहिजे," ते स्वतःशी म्हणाले. मग उठून चेंडूच्या दुसऱ्या बाजूला गेले, हातांची जागा बदलली, आणि मारले. चेंडू उडाला. शास्त्रज्ञाला आणखी काय हवे होते?

पिशवीत साहेबाचे एक चित्रांचे पुस्तक होते. रत्नप्रभाबाईंनी ते चाळले.

"अहो, यातला माणूस तर दुसऱ्या बाजूला उभा आहे."

"ठसा उलटा छापला गेलाय. माझ्या पुस्तकात नाही का त्या प्रेसवाल्याने भिंगाची आकृती उलटी छापली?"

"सगळ्याच पानांवर?"

"प्रेसवाले चुकायला लागले की सगळ्याच पानांवर चुकतात."

आणि मग, मित्रांनो, त्यांनी ते पुस्तक बायकोच्या आरशासमोर धरले. आरशात माणूस बरोबर त्यांच्यासारखा उभा दिसला. सहा महिने रोज सकाळी पुस्तक आरशासमोर उघडे असायचे आणि प्रोफेसर मला घेऊन त्याच्यासारखे वाकायचे.

"मला वेणी घालायचीय," रत्नप्रभाबाई म्हणायच्या. "तुमच्या पाहुण्याला जरा बाजूला घ्या."

त्या सहा महिन्यांइतकी मी कधीच सुखी नव्हते. सातांपैकी त्यांना मीच आवडायचे. भाद्रपदातल्या एका संध्याकाळी त्यांनी मला मागे नेले, अंग सैल सोडले, आणि माझ्या तोंडाच्या बरोबर मध्यावर चेंडू आला. काहीच जाणवले नाही. चेंडू बरोबर मध्यावर लागला की काठीला काही जाणवत नाही. तो दुसऱ्या खेजडीच्याही पलीकडे गेला आणि तिथला मोर चिडून ओरडला. प्रोफेसर त्या दिशेला पाहतच राहिले. मग मला धोतराच्या सोग्याने पुसले.

त्याआधीची संक्रांत (मी पाहिली नाही, ऐकली आहे)

हे खरे तर आधी यायला हवे होते.

विनया डावखुरी होती. चमचा, पेन्सिल, पतंगाची दोरी, सगळे डाव्या हातात. १९५४ च्या संक्रांतीला, जयपूरचे सगळे आकाश पतंगांनी भरलेले असताना, घरी मराठी बायकांचे हळदीकुंकू होते. बँकेतल्या साहेबांच्या पत्नी इंदुबाई आल्या होत्या. विनया गच्चीवरून धावत खाली आली, डाव्या हाताने तिळगुळाचा लाडू उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

इंदुबाईंनी हात मागे घेतला. "अगं रत्नप्रभा," त्या हसून म्हणाल्या, "राजस्थानात आल्यावर तिळगूळ डाव्या हाताने द्यायची पद्धत निघाली वाटतं."

बायका हसल्या. रत्नप्रभाबाईही हसल्या. संध्याकाळी त्या रडल्या. "आज इंदुबाई बोलल्या, उद्या सासरचे बोलतील. आणि बोलतील ते मला."

"सवयीचा प्रश्न आहे," प्रोफेसर म्हणाले. "चारचौघांत बरं दिसत नाही हे खरं. मी बघतो."

त्यांनी एक पांढरे त्रिकोणी फडके शिवून घेतले. हात मोडल्यावर गळ्यात बांधतात तसले. रोज संध्याकाळी पाच ते सात, अभ्यासाच्या वेळी, विनयाचा डावा हात त्या फडक्यात बांधला जायचा आणि ती उजव्या हाताने लिहायची.

मी त्या घरात आले तेव्हा आमची पिशवी अभ्यासाच्या टेबलाशेजारी ठेवलेली असे, म्हणून पुढचे मी स्वतः पाहिलेले आहे. प्रोफेसर कधी ओरडले नाहीत. गाठ मारताना ते रोज विचारायचे, "घट्ट नाही ना झालं, विनू?" आणि ती रोज म्हणायची, "नाही."

दोन ओळी

तिच्या वहीतली दोन पाने मला अजून दिसतात. प्रश्न एकच होता, पाऊस कसा पडतो.

संक्रांतीच्या आधी, डाव्या हाताने: *समुद्राच्या पाण्याची वाफ होते ती वर जाते पण मला वाटते सगळी जात नाही कारण मग समुद्र रिकामा झाला असता आणि मासे*

(पान संपले म्हणून उत्तर संपले होते.)

दिवाळीच्या सुमाराला, उजव्या हाताने: *वाफ होते. पाऊस पडतो.*

तिला उत्तर येत नव्हते असे नाही. उजव्या हाताने लिहायला लागायचे म्हणून ती कमी सांगू लागली होती. हळूहळू बोलण्यातही कमी सांगू लागली.

मैदान

नोव्हेंबरात प्रोफेसर पहिल्यांदा खऱ्या मैदानावर गेले. तिथे गवत फारसे नव्हतेच. चेंडू ज्यात घालायचा त्या खळग्याभोवती तेल शिंपडून दाबलेली वाळू होती, आणि प्रत्येकाचा खेळ झाला की काठ्या वाहणारा कॅडी ती झाडूने सारखी करायचा. विमा कंपनीतले चंद्रकांत बोकील तिथे आधीपासून खेळायचे. नागपूरचे, मोठ्या आवाजाचे.

प्रोफेसरांनी मला काढले, आपल्या बाजूला उभे राहिले आणि मारले. चेंडू सुरेख गेला. पण चेंडूकडे कोणी पाहत नव्हते.

"काय हो खांबेटे, डावखुरे आहात हे कधी बोलला नाहीत?"

"मी? छे. मी उजवाच."

"मग हा कसला शीर्षासनाचा प्रकार?"

हनुमान सहाय नावाचा पांढऱ्या मिशांचा म्हातारा कॅडी पुढे आला. त्याने मला हातात घेतले, बोटाने माझे तोंड चाचपले. "प्रोफेसर साब, ये तो खब्बू वाली है. पूरा थैला ही खब्बू का है."

प्रोफेसर प्रामाणिक होते. त्यांनी पुस्तकाची आणि आरशाची सगळी हकीकत सांगून टाकली. तिथेच चुकले. बोकील हसता हसता वाळूत बसले. त्या दिवसापासून मैदानावर त्यांचे नाव 'आरसा' पडले.

"मस्करी सोडा," शेवटी बोकील म्हणाले. "फेब्रुवारीत कॉलेज आणि विमावाल्यांचा सामना आहे. तोवर उजव्या हाताने शिका. हे दिसायला बरं नाही."

घरी येताना सायकलच्या दांड्यावर मी होते. 

शिकलेले विसरणे

मैदानावरच्या जुन्या काठ्यांतली एक उजवी काठी त्यांनी उसनी आणली. हनुमान सहाय सुटीच्या दिवशी सोडाला वस्तीतून चालत यायचा आणि मागच्या वाळूत त्यांना शिकवायचा. मी पिशवीतून डोके बाहेर काढून पाहायचे.

आठवडा गेला. महिना गेला. त्यांचे पाय एक सांगायचे, हात दुसरे. काठी वर नेली की ते मध्येच थांबायचे आणि कुठला खांदा आधी वळवायचा ते आठवू लागायचे. चेंडू रुईत जायचा, नाहीतर तिथेच राहायचा. वर्गात बोलताना ते कधी अडखळले नव्हते. इथे काठी हातात घेऊन हा माणूस अडखळत होता.

मला त्यांची दया आली असे सांगितले तर ते पूर्ण खरे नाही. थोडे बरेही वाटले.

डिसेंबरात विनयाच्या शाळेतून चिठ्ठी आली. रत्नप्रभाबाईंनी ती मोठ्याने वाचली. मुलगी मंद आहे. लेखन अपुरे. एप्रिलच्या परीक्षेत सुधारणा न दिसल्यास त्याच वर्गात ठेवावी लागेल.

"मंद?" प्रोफेसर म्हणाले. "ती चार वर्षांची असताना चंद्र मागे मागे का येतो ते विचारायची."

"तेव्हा विचारायची," रत्नप्रभाबाई म्हणाल्या, आणि चिठ्ठी घडी करून ठेवली. "आता दोनाचे तीन तास बांधा. अर्धवट सोडलं तर ना इकडची ना तिकडची."

तीन तास झाले.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी फडके गळ्यात असलेली विनया मागच्या पायरीवर येऊन बसली. प्रोफेसर उसन्या काठीशी झगडत होते. डावा हात सवयीने खाली घसरायचा, ते तो पुन्हा वर आणायचे. तो पुन्हा घसरायचा. दहा-बारा वेळा तरी तसे झाले.

"बाबा," ती म्हणाली. त्या आठवड्यात ती आपण होऊन बोललेली ती पहिली गोष्ट असेल. "तुमचा हात बांधू का?"

प्रोफेसर वळले.

"मतलब... घट्ट नाही बांधणार."

ती चेष्टा करत नव्हती. खरोखर मदत करायला निघाली होती. उजव्या हाताने गळ्यातली गाठ चाचपत होती, आपलेच फडके त्यांना द्यावे म्हणून. प्रोफेसरांनी काठी वाळूत टाकली आणि तिच्याशेजारी पायरीवर बसले.  उठले तेव्हा अभ्यासाचे तीन तास झाले नव्हते, तरी फडके त्यांच्या खिशात होते.

निवड

पण घर एकट्या प्रोफेसरांचे नव्हते. रत्नप्रभाबाईंनी ऐकले नाही. आठ दिवस दोघे त्यावरच बोलत होते. शेवटी प्रोफेसरांनी शास्त्रज्ञाला शोभेल असा तोडगा काढला.

"आपण तिला सांगायचंच नाही. एक डावी काठी, एक उजवी. जी उचलेल तो तिचा खरा हात."

"आणि उजवी उचलली तर?"

"तर पुन्हा फडकं. मी बोलणार नाही."

"बघा हं. शब्द दिलाय."

फेब्रुवारीतला रविवार होता. वाळूत दोन काठ्या ठेवल्या. डावी म्हणून मी. उजवी म्हणून हनुमान सहायने आणलेली, मोडक्या दांडीची, कापून आखूड केलेली. मध्ये चेंडू. प्रोफेसर खेजडीखाली, रत्नप्रभाबाई दारात, हनुमान सहाय विडी विझवून उभा.

मित्रांनो, मला मुळीच शंका नव्हती. डावखुऱ्यासाठीच तर माझा जन्म. इतके महिने मी एका माणसाच्या चुकीमुळे वापरली गेले होते, आता पुन्हा बरोबर हातात जाणार होते.

विनयाने आधी मलाच उचलले. चेंडूपाशी उभी राहिली, मागे नेले, मारले. चेंडू थोडा गेला. मग तिने मला खाली ठेवले, ती आखूड काठी घेतली, दुसऱ्या बाजूला गेली आणि मारले. पुन्हा मी. पुन्हा ती. सहा-सात वेळा. 

मग तिने मला दोन्ही हातांनी नीट, वाळू झटकून, पिशवीत ठेवले. आणि आखूड काठी घेऊन बापापाशी गेली.

"ही."

प्रोफेसरांचा चेहरा उतरला. रत्नप्रभाबाईंनी श्वास सोडला. "झालं तर मग," त्या म्हणाल्या. "उजवीच घेतली तिने. ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं," प्रोफेसर म्हणाले.

"काय ठरलं होतं?" विनयाने विचारले.

"की तुझा हात उजवा. लिहायला पण."

तिने काठीकडे पाहिले, मग आईकडे. "पण आई, ह्याच्यात डावा हात वर येतो."

"म्हणजे?"

"डावा वर असतो. तोच ओढतो. उजवा नुसता खाली धरून चालतो." तिने हात दाखवले. "त्या दुसऱ्या काठीत डाव्याला खाली जावं लागतं. म्हणून ही घेतली."

हनुमान सहाय हसला. त्याचे दोन दात नव्हते. "बहूजी, बिटिया सच कहती है. ऊपर वाला हाथ रास्ता दिखाता है, नीचे वाला साथ देता है. इसने तो बायाँ ही चुना."

प्रोफेसर पटकन पिशवीपाशी आले, मला ओढून काढले आणि आपल्या जुन्या बाजूला उभे राहिले. स्वतःच्या हातांकडे पाहिले. वरचा हात उजवा होता. सहा महिने त्यांचाच उजवा हात रस्ता दाखवत होता, आणि बोकील हसल्यापासून त्यांना आणि मलाही वाटत होते की ते डावे खेळतात.

"म्हणजे बोकील जे उजवं म्हणतो ते..." ते म्हणाले आणि वाक्य तसेच सोडले.

"तुमच्या खेळात सगळंच उलटं," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज झाला. मग आतूनच म्हणाल्या, "जेवण आणि प्रसाद मात्र उजव्याच हाताने. त्यात मी कुणाचं ऐकणार नाही."

असा तह झाला. दुसऱ्या दिवशी ते त्रिकोणी फडके पोळ्यांच्या डब्यात दिसले, पोळ्या गुंडाळलेले.

विनया एप्रिलमध्ये पास झाली. हस्ताक्षर: गचाळ, असा शेरा होता. पण तिसऱ्या प्रश्नाला तिने दोन पुरवण्या लावल्या होत्या.

समोरासमोर

प्रोफेसर फेब्रुवारीतल्या त्या सामन्यात माझ्याबरोबर, आपल्या बाजूने खेळले आणि हरले. 'आरसा' हे नाव काही गेले नाही. पुढे तेही त्या नावाला ओ देऊ लागले.

पुढच्या आठ वर्षांबद्दल मला नीट क्रमाने सांगता येत नाही. ती सगळी एकाच संध्याकाळसारखी वाटतात. घरामागची वाळू, एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला मुलगी. उजवीकडून खेळणारा आणि डावीकडून खेळणारा शेजारी शेजारी उभे राहिले की त्यांची तोंडे समोरासमोर येतात. बाकीचे सगळे खेळाडू एकमेकांच्या पाठी बघत खेळतात. या दोघांना मात्र प्रत्येक चेंडूमागे एकमेकांचा चेहरा दिसायचा, म्हणून ते खेळायचे कमी आणि बोलायचे जास्त.

"बाबा, मोर उडतो तेव्हा शेपटीचं वजन कुठे जातं?"

"कुठे जाईल? तिथेच असतं. तू आधी मार."

"नाही, पहले बताओ."

खेजडीच्या शेंगा पडायच्या. मोर बघत राहायचे. पुढे पलीकडे घरांचे पाये खणले गेले आणि चेंडू जपून मारावा लागे. एक खेजडी गेली. मग दुसरी.

मी तिच्या हाती परत कधी गेले नाही. सुरुवातीला मला ते लागले होते. ज्याच्यासाठी आपण घडलो त्याने आपल्याला नीट तोलून पाहावे, वाळू झटकावी आणि परत ठेवावे, हे सोपे नसते. पण तिने मला निवडले नाही हे खरे असले, तरी निवडण्यासाठी मी तिथे होते हेही खरे आहे.

१९६३ च्या जूनमध्ये विनया पुण्याला शिकायला निघाली. टांगा दारात होता. मी पिशवीत, दाराला टेकून. रत्नप्रभाबाई दह्याची वाटी घेऊन आल्या. निघणाऱ्याच्या तळहातावर त्या नेहमी चमचाभर दही घालायच्या. विनयाने हात पुढे केला. बोलण्याच्या नादात डावा. तिच्या लक्षातही आले नव्हते.

रत्नप्रभाबाईंचा चमचा थांबला. आठ वर्षे पाळलेला तह होता. त्या 'उजवा' म्हणायला तोंड उघडतात हे मी पाहिले. प्रोफेसर ट्रंकेची दोरी बांधायचे थांबले.

रत्नप्रभाबाईंनी त्या तळहाताकडे पाहिले. करंगळीच्या खाली शाई लागलेली होती. मग शाईला लागणार नाही अशा बेताने मधोमध दही घातले.

"चाट लवकर," त्या म्हणाल्या. "टांगेवाला खोळंबलाय."

आता

पुढे प्रोफेसरांचा गुडघा गेला. बाकीच्या सहा काठ्या पिशवीसकट कोणाला तरी देऊन टाकल्या. मी राहिले, कारण गच्चीवरच्या माकडांना हाकलायला मी बरी पडायचे. काही वर्षे मी माकडे हाकलली. आता माकडांनाही माझे भय वाटत नाही. मुठीचे चामडे सुटत आले आहे, आणि तोंडावरच्या रेघांत गंज उतरला आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूचे मागणे फार नसते. महिन्यातून एकदा माझ्या लोखंडावरून तेलाचा बोळा फिरवा. ओली छत्री माझ्या अंगावर टेकवू नका. आणि कधी घरातले एखादे लहान मूल मला या डब्यातून ओढून काढील, अंगणात नेईल आणि समोर एखादा दगड ठेवील. तेव्हा त्याने कोणत्या बाजूला उभे राहायचे, हे थोडा वेळ सांगू नका.